लालोची भाकरी, मलिक भागोची पुरी आणि आमचे ६४० रुपये

आपला प्रश्न असा आहे: गुरू नानकांनी एका हातात लालो या गरीब सुताराची भाकरी आणि दुसऱ्या हातात मलिक भागो या श्रीमंत अधिकाऱ्याची पुरी धरून पिळली, तेव्हा भाकरीतून दूध आणि पुरीतून रक्त आले, अशी कथा मुलीने शाळेत ऐकली, ती खरी आहे का, शीख लोक अशा कथांचा अर्थ कसा लावतात आणि मुलीला काय सांगावे?

रक्त खरोखर आले की नाही, या चौकशीत मला रस नाही. मात्र ‘ते केवळ प्रतीक आहे’ एवढे सांगून मोकळे होणारे सुशिक्षित लोक मला चमत्कारावर विश्वास ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त खटकतात. चमत्कार मानणारा माणूस निदान त्या रक्ताला घाबरतो; प्रतीक म्हणणारा ते पुसून टाकतो आणि जेवायला बसतो. ही कथा एका माणसावर त्याच्या तोंडावर केलेला आरोप आहे, आणि तो आरोप आज कोणावर लागू होतो हे विचारल्याशिवाय तिचा कोणताही अर्थ लागत नाही.

मी नांदेडचा, शिंप्याचा मुलगा. गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांचे दुकान होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक काम चोले (शिखांचे लांब अंगरखे) व कछहरे (नाडीच्या आखूड चड्ड्या) शिवण्याचे असे. ही कथा मी कछहऱ्यांत नाड्या ओवता ओवता, कापड घेऊन येणाऱ्या एका वृद्ध भाईजींच्या तोंडून ऐकली. ते कथा सांगून झाली की नेहमी एक ओळ म्हणत: ‘जे रतु लगै कपड़ै जामा होइ पलीतु, जो रतु पीवहि माणसा तिन किउ निरमलु चीतु’. कापडाला रक्त लागले तर जामा विटाळला असे आपण म्हणतो, मग जे माणसांचे रक्त पितात त्यांचे चित्त निर्मळ कसे असेल? शिंप्याच्या घरात या ओळीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. सुई बोटात गेली आणि पांढऱ्या चोल्यावर ठिपका पडला तर तो वाळण्याआधी आपलीच थुंकी लावून चोळायचा असतो. उशीर झाला तर कापडाचे पैसे अंगावर येतात.

सन १९७८ मध्ये, मी तेरा वर्षांचा असताना, गावातील एका ठेकेदाराने गुरू नानक जयंतीनिमित्त सेवेकऱ्यांना आणि गरीब यात्रेकरूंना वाटण्यासाठी ६० चोले आणि १२० कछहरे शिवायला टाकले. चोल्याचे आठ रुपये आणि कछहऱ्याचे तीन, असे मिळून ८४० रुपये ठरले आणि २०० रुपये विसार मिळाला. दिवाळी संपते न संपते तोच काम आले होते. वडील, दादा आणि एक कारागीर रात्री दोनपर्यंत मशीन चालवत, आई तुरपाई करी, आणि मी नाड्या ओवून गठ्ठे बांधत असे. कपडे वेळेवर गेले, परंतु उरलेले ६४० रुपये सण झाल्यावर देतो असे सांगण्यात आले.

कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे जयंतीच्या दिवशी, वडील, दादा आणि मी आमच्या भागातील एका लहान गुरुद्वाऱ्यात गेलो. त्या दिवसाचा लंगर आणि वस्त्रदान त्याच ठेकेदाराच्या नावावर होते आणि अरदास, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, करताना त्याचे नाव घेतले गेले. नाव ऐकल्याबरोबर दादा पंगतीतून उठला आणि बाहेर गेला. मी दोन्ही हातांच्या ओंजळीत पोळी घेतली आणि ती मुठीत दाबली, पिळली, इतकी की बोटांमधून तिचे तुकडे बाहेर आले. त्यातून काहीही निघाले नाही. पंगतीत वाढणाऱ्या एका आजींनी, हात भाजला का, असे विचारले आणि दुसरी पोळी दिली. माझ्या शेजारी बसलेल्या वडिलांनी ताटातील शेवटच्या कणापर्यंत सर्व जेवण संपवले, हात धुतले आणि भांडी घासायला जाऊन बसले.

त्या रात्री घरात झालेले भांडण अजून संपलेले नाही. दादाचे म्हणणे असे की, नानकांनी भागोची पुरी नाकारली आणि तुम्ही मात्र आपल्याच घामाचे चोरलेले अन्न खाऊन आलात. वडिलांचे म्हणणे असे की, ते अन्न त्या ठेकेदाराचे नव्हतेच. पहाटे चारपासून ज्या बायका पीठ मळत बसल्या होत्या, त्यांचे ते होते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो, कारण या भांडणातच शीख परंपरेतील अर्थ लावण्याची रीत दिसते. भाकरी-पुरीची कथा गुरू ग्रंथ साहिब या शिखांच्या धर्मग्रंथात नाही. ती जनमसाखी नावाच्या, नानकांच्या जीवनकथा (साख्या) सांगणाऱ्या कथनपरंपरेतील आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील भाई संतोख सिंह यांच्यासारख्या कवींच्या काव्यांतून अशा साख्या गुरुद्वाऱ्यांतील कथा-प्रवचनांत रुजल्या. ग्रंथात लालोचे नाव येते ते राग तिलंगमधील एका ‘शब्दा’त (पदात), आणि तिथे विषय बाबराच्या स्वारीचा आहे: ‘पाप की जंञ लै काबलहु धाइआ जोरी मंगै दानु वे लालो’. पापाची वरात घेऊन तो काबूलहून धावत आला आहे आणि जोरजबरदस्तीने दान मागतो आहे. म्हणजे ज्याच्या नावाने पुढे ही भाकरीची कथा प्रसिद्ध झाली, त्या लालोला उद्देशून नानक सत्तेने लुटण्याविषयीच बोलत आहेत. वर सांगितलेली रक्ताची ओळही नानकांचीच, ‘माझ की वार’ या माझ नावाच्या रागातील दीर्घ काव्यामधील आहे, आणि तिथून जवळच ‘हकु पराइआ नानका उसु सूअर उसु गाइ’, म्हणजे परक्याचा हक्क खाणे हे मुसलमानाला डुक्कर आणि हिंदूला गाय खाण्यासारखे, असे स्पष्ट वचन आहे. साखीची परीक्षा बाणीवर, म्हणजे ग्रंथातील वचनांवर, करायची, हा जाणत्या शिखांचा नियम आहे. या कसोटीवर भाकरीची कथा टिकते, मग ही कथा जिथली सांगतात त्या इमिनाबादेत त्या दिवशी काय घडले ते कोणाला सिद्ध करता येवो अथवा न येवो.

चमत्कारासाठी चमत्कार सांगणाऱ्यांना तिसऱ्या गुरूंनी, गुरू अमरदासांनी, ‘धिगु सिधी धिगु करमाति’, सिद्धीचा धिक्कार, करामतीचा धिक्कार, असे बजावले आहे. तरीही हा विषय इतक्यावर मिटत नाही, कारण आपल्या नामदेवांचे चमत्कार खुद्द ग्रंथात, त्यांच्याच मुखातून आलेले आहेत: मेलेली गाय उठली, देऊळ फिरले, देवाने दूध प्यायले. गाईच्या प्रसंगात सुलतान नामदेवांना साखळदंड घालतो, त्यांची आई रडत म्हणते की राम सोडून खुदा म्हण, आणि शेवटी गाय जिवंत झाल्यावर नामदेव सुलतानाकडून मागतात ते एवढेच की ‘साचि सीलि चालहु सुलितान’, सत्याने आणि शीलाने वाग. गाय उठल्यानंतर राजाने कसे वागायचे, इथे ती कथा येऊन थांबते, आणि माझ्या मते ग्रंथातील चमत्कार वाचण्याची किल्ली हीच आहे. नामदेवांचे सुमारे साठ शब्द शिखांनी चारशे वर्षांहून अधिक काळ रोज म्हणत जपले आहेत आणि आपल्याकडील पुष्कळ शिंप्यांच्या घरांत ते कोणाला ठाऊकही नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

वडिलांना मात्र ते ठाऊक होते. त्या रात्री त्यांनी दादाला उत्तर म्हणून नामदेव आणि संत त्रिलोचन यांचा संवाद सांगितला, जो ग्रंथात कबीरांच्या सलोकांमध्ये (दोह्यांमध्ये) आहे. त्रिलोचन विचारतात की, मित्रा, तू मायेत गुंतलास. कापड छापत काय बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेव सांगतात: ‘हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि’. हातापायांनी सगळे काम कर आणि चित्त निरंजनापाशी ठेव. (मूळ शब्दांत कापड छापणे आहे, शिवणे नाही, वडिलांना हा फरक मान्य नव्हता.) त्यांचा अर्थ असा की, पैसे बुडाले तरी चित्त बिघडू द्यायचे नाही.

दादा गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने मित्राकडून गुरुमुखी शिकून घेतली आणि पुढे काही वर्षांनी आसा दी वारमधील एक गोष्ट वडिलांसमोर ठेवली. पहाटे गुरुद्वाऱ्यांतून गायल्या जाणाऱ्या या वारमध्ये नानक म्हणतात की, चोराने घर फोडले आणि ती वस्तू पितरांच्या नावाने दान केली, तर परलोकात ती वस्तू ओळखली जाते, पितरच चोर ठरतात आणि मध्यस्थी करणाऱ्या दलालाचे हात तोडले जातात. पुढे पोचते ते फक्त स्वतः कष्टून मिळवलेल्यातून दिलेले. दादाचा मुद्दा असा की, चोरलेल्या मजुरीचा लंगर खाणारा त्या पितरांच्या जागी बसतो. वडिलांकडे याला उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर बरीच वर्षे माझ्याकडेही नव्हते.

आज आहे, आणि ते मी इथे लिहितो. मलिक भागोचे जेवण हे नाव घेऊन दिलेले आमंत्रण होते; तिथे गेल्याने यजमानाचा मान वाढत होता आणि न गेल्याने कमी होत होता, म्हणून नानकांचा नकार हेच त्यांचे बोलणे होते. लंगराला यजमान नसतो. तिथे राजाही जमिनीवर बसतो आणि शेजारी कोण बसले आहे हे विचारत नाही. पीठ कोणाचे हे विचारून पंगतीतून उठणारा माणूस ठेकेदाराला शिक्षा करत नाही, पीठ मळणाऱ्या बाईचा अपमान करतो. म्हणून वडिलांचे जेवणे योग्य होते. परंतु वडील चुकले ते दुसरीकडे. कथेतले नानक घरी बसून मन निर्मळ ठेवत नाहीत. भागोने बोलावल्यावर ते जातात आणि चार लोकांत त्याला त्याच्या अन्नात काय आहे ते दाखवतात. वडिलांनी त्या ठेकेदाराच्या दारात पुन्हा पाऊल टाकले नाही. नामदेवांच्या ओळीचा उत्तरार्ध त्यांनी धरला आणि पूर्वार्ध सोडला. आपली मजुरी मागणे हेही हातापायांचेच काम आहे. माझ्या आईच्या बोटांना पडलेल्या भेगांचे ते पैसे होते आणि ते सोडून देण्याचा अधिकार एकट्या वडिलांना नव्हता.

दादाचा एक मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. ज्याने मजुरांचे पैसे थकवले आहेत हे गावाला माहीत आहे, त्याचे नाव अरदाशीत घेऊ नये. पीठ घ्यायचे असेल तर घ्यावे, नाव घेऊ नये. कारण नाव घेतले की लंगराला यजमान मिळतो आणि मग आसा दी वारमधील दलाल कोण, हा प्रश्न खरोखर उभा राहतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी शीख नाही. माझे ज्ञान शेजाराचे आणि ऐकण्याचे आहे. अनेक श्रद्धाळू शीख कुटुंबांत ही कथा अक्षरशः घडली असे मानतात आणि त्यांच्या घरी जाऊन मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी करम सिंह यांच्यासारख्या शीख इतिहासकारांनीच नानकांचे सोबती मानल्या जाणाऱ्या भाई बाला यांच्या नावावरील जनमसाखीच्या विश्वासार्हतेवर कठोर शंका घेतल्या होत्या, त्यामुळे शंका घेणे हे बाहेरच्यांचे काम आहे असेही समजू नये. तसेच प्रत्येक श्रीमंत दात्याला भागो म्हणणे अन्यायाचे आहे. नांदेडमध्ये मी असेही दाते पाहिले आहेत ज्यांनी आधी कामगारांचा हिशोब मिटवला आणि मग पोते उतरवले.

मुलीला कथा पूर्ण सांगा आणि रक्ताचा भाग गाळू नका. ‘रक्त खरे होते का’ असे तिने विचारले तर ही कथा ग्रंथातील नाही, लोकांनी जपलेली आहे, हे सरळ सांगा आणि माझ की वारमधील ती ओळ वाचून दाखवा. मग तिला विचारा की, आपल्या घरात आज कोणाचे पैसे द्यायचे राहिले आहेत: धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे, इस्त्रीवाल्याचे, रंगाऱ्याचे. ही कथा ऐकणारा प्रत्येक जण स्वतःला लालोच्या झोपडीत बसवतो. आम्हीही बसवले होते, आणि त्या महिन्यात आमच्या कारागिराची अर्धी मजुरी थकली होती हे दादाने किंवा मी कधी मोजले नाही. वडिलांनी ती पुढच्या फेब्रुवारीत, आईची पाटली गहाण ठेवून दिली. दादाला हे ठाऊक आहे. तरीही त्या पौर्णिमेपासून तो एकाही पंगतीत बसलेला नाही, आणि भागोला नकार देण्याचा त्याचा हक्क मला मान्य असला तरी लालोच्या भाकरीला इतकी वर्षे नकार देण्याचा हक्क त्याला या कथेतून मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. वडील गेल्यावर त्यांच्या खातेवहीत त्या ठेकेदाराच्या नावापुढे ‘येणे ६४०’ ही नोंद न खोडलेली सापडली. त्यांनी माफ केले असते तर रेघ मारली असती. ती वही सध्या दादाकडे आहे.