तीन गावांचा ठराव एकच करा

प्रश्न : ताई, आमचे गाव सिन्नरच्या पूर्व भागात, समृद्धी महामार्गाजवळ आहे. एमआयडीसी आपल्याच शिवारात यावी म्हणून आम्ही आणि शेजारच्या दोन गावांनी वेगवेगळे ठराव केलेत. एजंट रोज सातबारे मागतात. उद्योग यावा म्हणून ग्रामपंचायतीने नेमके काय करावे?
– ग्रामपंचायत सदस्य, ता. सिन्नर

उत्तर : भाऊ, तिन्ही गावांनी बसून एकच ठराव करा, ही पहिली विनंती. नगररचना खात्यात असताना जागा पाहायला आलेल्या उद्योजकांबरोबर मी फिरले आहे. गावाची शीव कुठे संपते, हे कोणी विचारत नाही. सलग जमीन किती, कंटेनर वळेल का, पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, कामगार कुठे राहणार, हे विचारतात. एवढे सगळे एका गावात क्वचितच मिळते.

पाण्याचेच पाहा. तुमचा भाग अवर्षणाचा. दारणा आणि कडवा ही धरणे इगतपुरी तालुक्यात. त्यातच समन्यायी वाटपाच्या २००५ च्या कायद्यामुळे तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावे लागते. मग एकट्या गावाने उद्योजकाला पाण्याचा शब्द कशाच्या जोरावर द्यायचा?

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात प्रादेशिक योजना आहे ती यासाठीच. शेती कुठे राखायची, उद्योग आणि वस्ती कुठे वाढवायची, हे तिच्यात गावांच्या हद्दी ओलांडून ठरते. नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत तुमची गावे येतात का, ते आधी पाहून घ्या. औद्योगिक क्षेत्र जाहीर झाले की तिथले नियोजन एमआयडीसीकडे जाते. म्हणून त्याआधीच तिन्ही गावनकाशे एकमेकांना जोडून एक नकाशा करा. माळरान, बागायत, विहिरी, नाले, पाणंद रस्ते त्यावर तुम्हीच दाखवा. बागायत वगळा. कारखाने आणि वस्ती यांच्यात झाडांचा पट्टा मागा. हाच नकाशा प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवून मंजूर करून घ्या आणि योजनेवरच्या हरकती-सूचनांच्या मुदतीत लेखी द्या. तोंडी सांगितलेले फायलीत राहत नाही.

एक गोष्ट मला फार लागते. मुसळगाव-गुळवंच परिसरात सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, घेतलेली जमीन वर्षानुवर्षे पडून राहिली. शेती गेली आणि ज्या रोजगारासाठी ती दिली, तोही वेळेत आला नाही. म्हणून तुमच्या ठरावाचे पहिले कलम हे असू द्या : तालुक्यातली घेतलेली जमीन आधी वापरात आणा, नवी त्यानंतर मागा.

पैशाचेही आताच बोला. कारखाने एका गावात, कामगारांच्या खोल्या दुसऱ्यात आणि सांडपाण्याचा नाला तिसऱ्यात, असे होणारच. कराचे उत्पन्न एकाच ग्रामपंचायतीला मिळाले, तर उरलेली दोन गावे उद्या रस्ता अडवतील, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. उत्पन्नातला वाटा तिघांनी लेखी ठरवा आणि त्याला शासनाची मान्यता मागा.

एजंटांचे म्हणाल, तर गावात दवंडी द्या : गट नंबरचा झोन दाखला, म्हणजे जमीन शेती, उद्योग की वस्तीसाठी दाखवली आहे हे सांगणारा कागद, काढल्याशिवाय आणि तो जाणत्याकडून वाचून घेतल्याशिवाय कोणीही विसार घेऊ नये.