सिस्टर कॉन्व्हेंट सोडून का गेल्या नाहीत?

केरळमध्ये २०१८ साली एका बिशपांविरुद्ध (म्हणजे एका भागातील चर्चच्या प्रमुखांविरुद्ध) धरणे धरणाऱ्या सिस्टरांचा, म्हणजे कॅथलिक जोगिणींचा, दाखला देऊन आपण विचारले आहे, की एवढा अन्याय होत होता तर त्या संस्थेतून, म्हणजे आपल्या धर्मसंघातून, बाहेर का पडल्या नाहीत. हा प्रश्न मी वसईत, आमच्या कॅथलिक समाजातही पुष्कळदा ऐकला आहे.

सिस्टर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. त्यांतील पहिल्या व्रताचा व्यवहारातला अर्थ फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरांचा पगार त्यांच्या संस्थेकडे जातो. मला गणित शिकवणाऱ्या सिस्टर पगारपत्रकावर सही करीत आणि चप्पल तुटली की नवीसाठी सुपीरियरकडे, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरकडे, पैसे मागत. चर्चच्या कायद्याच्या ७०२ व्या कलमानुसार संस्था सोडणाऱ्या सिस्टरला आपण केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. संस्थेने तिच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावे, एवढे मात्र तेच कलम पुढे सांगते. त्यामुळे तीस वर्षे शिकवून पन्नाशीत बाहेर पडणाऱ्या बाईच्या हाती स्वतःची म्हणावी अशी शिल्लक बहुधा नसते.

दुसरी अडचण अधिकाराची. काही धर्मसंघ थेट रोमच्या अखत्यारीत असतात, तर काही स्थानिक बिशपांच्या. केरळमधल्या ज्या कुरविलंगडच्या सिस्टरांचा दाखला आपण दिला, त्यांची संस्था जालंधरच्या बिशपांच्या अखत्यारीतली होती आणि एका सिस्टरची बलात्काराची तक्रारही त्याच बिशपांविरुद्ध होती, म्हणजे दाद मागायची तीही त्यांच्याच अधिकाराखाली, म्हणून अखेर तक्रारदार सिस्टरच्या पाच सहकारी सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीला उच्च न्यायालयाजवळ रस्त्यावर येऊन बसल्या. त्याच महिन्यात बिशपांना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली, त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील दाखल झाले, आणि २०२३ मध्ये त्यांनी बिशपपद सोडले. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मला क्लेश झाले ते निकालाच्या कितीतरी आधी लोकांनी त्या सिस्टरांना जी वागणूक दिली, तिचे.

एका आमदाराने तक्रारदार सिस्टरविषयी पत्रकारांसमोर अत्यंत हीन शब्द वापरले. श्रद्धावानांपैकी अनेकांनी या सिस्टरांना चर्चद्रोही ठरवले, आणि ज्यांना चर्चवर टीकाच करायची होती त्यांनी त्यांच्या दुःखाचे हत्यार केले. शाळेत आणि दवाखान्यात राबणाऱ्या सिस्टरला आपण देव्हाऱ्यात बसवतो. पण तीच सिस्टर तक्रार घेऊन आली, की तिचे म्हणणे ऐकून घेण्याआधी तिच्या चारित्र्याची चौकशी सुरू करतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये खुद्द पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू आणि बिशप यांच्याकडून सिस्टरांचे लैंगिक शोषण झाल्याचे पत्रकारांपुढे मान्य केले. निदान त्यानंतर तरी तक्रार करणाऱ्या सिस्टरला चर्चची वैरीण म्हणणे आम्ही कॅथलिकांनी थांबवायला हवे होते, आणि ते अजून पुरते थांबलेले नाही.