मैत्रिणीला दिलेली ट्यूब आणि ‘ॲसिडची केस’

प्रश्न : मी 23 वर्षांची आहे. पुण्यात पेठेत खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करते. पिंपल्ससाठी गावाकडच्या स्किनच्या डॉक्टरांनी मला ट्रेटिनॉइनची ट्यूब लिहून दिली होती आणि मला गुणही आला. जूनमध्ये रूममेटनं मागितली म्हणून माझ्याकडची एक न फोडलेली, वीस ग्रॅमची ट्यूब तिला दिली. अर्धे पैसे म्हणून तिनं मला 150 रुपये जीपे केले. ‘रात्रीच लाव, मटारच्या दाण्याएवढीच, सकाळी सनस्क्रीन विसरू नको’ असं मी तिला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. तीन आठवड्यांत ट्यूब संपली. मग तिनं रिकामी ट्यूब मेडिकलमध्ये दाखवली. तिथल्या मुलानं ‘याच्यापेक्षा भारी आहे’ म्हणून दुसरीच क्रीम दिली, ती तिनं ऑक्टोबरपर्यंत लावली. आता तिचा चेहरा लाल झालाय, बारीक शिरा दिसतात, उन्हात आग होते. साखरपुडा पुढे ढकलला. तिचा भाऊ म्हणतो, ‘तू दिलंस ते रेटिनोइक ॲसिड आहे. दोन लाख दे आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर चूक कबूल कर, नाहीतर ॲसिडची केस टाकतो.’ रविवारपर्यंतची मुदत दिली आहे. गुन्हा दाखल झाला तर माझ्या नोकरीचं काय? घरी अजून सांगितलेलं नाही.

उत्तर :

स्टॅम्प पेपरवर सही करू नका. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हे आधी. त्या कागदावर ‘माझ्यामुळे हिचा चेहरा बिघडला’ असं वाक्य असणार. ते एकदा लिहून दिलंत की उद्या कोणत्याही कोर्टात तुमच्यासमोर तेच ठेवलं जाईल. पाचशेचा असो वा साधा कोरा कागद, कबुली ती कबुलीच.

आता भावाच्या ‘ॲसिड’बद्दल. ट्रेटिनॉइनचं रासायनिक नाव रेटिनोइक ॲसिड आहे, एवढं त्याचं खरं. पण लिंबातही ॲसिड असतं आणि व्हिटॅमिन सी म्हणजेही ॲसिडच. भारतीय न्याय संहितेचं कलम 124 नाव बघत नाही, परिणाम आणि हेतू बघतं. व्रण किंवा विद्रूपता येईल अशी इजा करू शकणारा आम्लधर्मी, क्षरणकारी किंवा जाळणारा पदार्थ, अशी तिथली व्याख्या आहे, आणि ती रुंद आहे हे मी लपवणार नाही. मात्र त्या कलमात इजा करण्याचा उद्देश किंवा इजा होणार हे माहीत असणं लागतं. दहा वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा असलेलं कलम आहे ते, चेहऱ्यावर बाटली फेकणाऱ्यांसाठी केलेलं. स्वतःच्या तोंडाला रोज लावतो तीच क्रीम मैत्रिणीला देऊन वर ‘सनस्क्रीन विसरू नको’ असं लिहिणाऱ्या मुलीवर ते लावायला कोणी धजावलंच, तर वरच्या कोर्टात ते टिकेल असं मला वाटत नाही.

लागू शकेल असं कलम दुसरं आहे, 125. हयगयीनं दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणणं. साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. ‘गंभीर’ कशाला म्हणायचं हे कलम 116 सांगतं आणि चेहऱ्याची कायमची विद्रूपता त्यात येते. हा ‘कायमची’ शब्द फिर्यादी पक्षाला सिद्ध करावा लागेल. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस एफआयआर घेऊ शकतात. पण जामीनपात्र आहे. बोलावलं तर तुम्हाला लेखी नोटीस मिळायला हवी, आणि नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर सहसा अटक होत नाही. बहुतेक वेळा आधी तक्रार अर्जावर चौकशी होते. तेव्हा एकटीनं जाऊ नका, जबाब वाचल्याशिवाय सही करू नका.

हयगय तुम्ही केलीत का? थोडी केलीत. डॉक्टरांनी तुमची त्वचा बघून लिहिलेलं औषध तिच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे चिठ्ठी आणि ट्यूब दोन्ही घरभर फिरतात. मी स्वतः वहिनीच्या गुडघ्याच्या गोळ्या मागून घेतलेल्या आहेत, तेव्हा उपदेश करायला मी फार लायक नाही. पण कोर्ट पुढचा प्रश्न विचारेल : तुमच्या हयगयीमुळेच हे झालं का? तुमची खरी बाजू तिथं आहे.

दोन ट्यूब आहेत हे विसरू नका. पहिली तुमची, तीन आठवडे. दुसरी मेडिकलमधली, जवळजवळ तीन-चार महिने. ट्रेटिनॉइननं सुरुवातीच्या आठवड्यांत साल निघते, लाली येते, ऊन सोसत नाही, हे माहीतच आहे, आणि लावणं थांबवलं की ते बहुधा ओसरतं. बारीक शिरा दिसणं, कातडी पातळ होणं हे वर्णन वेगळं आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या साक्षी मी वाचल्या आहेत, त्यांत अशा चेहऱ्याची गोष्ट बहुतेक वेळा स्टिरॉइडपाशी येऊन थांबते. ‘भारी’ म्हणून काउंटरवरून दिल्या जाणाऱ्या कितीतरी क्रीममध्ये ट्रेटिनॉइन, रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन आणि स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. मी डॉक्टर नाही, म्हणून निदान करत नाही. पण ती दुसरी ट्यूब किंवा निदान तिचा फोटो सापडला पाहिजे. अख्खं प्रकरण त्या बारीक छपाईवर फिरेल.

ट्यूबवर ‘आरएक्स’ (Rx) ही खूण आणि शेड्यूल एचचा, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीचा, इशारा आहे का ते बघा. असेल तर नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाही. अंगाला लावायच्या मलमांना पूर्वी या यादीत सवलत होती. स्टिरॉइडच्या मलमांच्या बाबतीत सरकारनं 2018 मध्ये ही पळवाट बुजवायला घेतली. शिवाय डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर असं औषध दुसऱ्यांदा द्यायचं नाही, आणि दुकानात फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय द्यायचं नाही, असा औषध नियमावलीचा नियम 65 आहे. तिथं तर चिठ्ठी नव्हतीच, रिकामी ट्यूब होती, आणि तीही बदलून दिली. यावर दुकानाचा परवाना निलंबित होऊ शकतो.

म्हणून तुमच्या मैत्रिणीची खरी तक्रार तुमच्याविरुद्ध नाही, त्या दुकानाविरुद्ध आहे. तिनं अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज द्यावा. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे : घटनेपासून दोन वर्षांची मुदत, पुण्यात किंवा तिच्या राहत्या जिल्ह्यात कुठेही दाखल करता येते, आणि एवढ्याशा खरेदीला फी लागत नाही. पावती नसेल, पण दुकानाला यूपीआयनं पैसे दिले असतील तर तो व्यवहार बँकेत दिसेल. कंपनीच्या मागे लागून फारसं हाती येणार नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरायच्या औषधाबद्दल डॉक्टरांना पुरेसा इशारा दिला असेल, तर 2019 चा ग्राहक कायदा उत्पादकाला सोडतो. तुमच्याविरुद्ध तिला ग्राहक आयोगात जाता येईल असंही मला वाटत नाही. निम्म्या किमतीत ट्यूब वाटून घेणारी रूममेट म्हणजे दुकानदार नव्हे.

त्या 150 रुपयांवरून भाऊ उद्या आणखी एक कलम काढेल, म्हणून सांगून ठेवते. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्याच्या कलम 18 नुसार परवान्याशिवाय औषध विकता किंवा वाटता येत नाही आणि त्याची शिक्षा कडक आहे. शब्दशः वाचलं तर धडकी भरेल. मात्र हा कायदा औषधांच्या व्यापारासाठी आहे. शिवाय या गुन्ह्यांत पोलीस स्वतः एफआयआर नोंदवून तपास करू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली अशोक कुमार शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. औषध निरीक्षक, किंवा बाधित व्यक्ती म्हणून तुमची मैत्रीण, कोर्टात तक्रार करू शकते. दोन मुलींच्या अर्ध्या पैशांवर कोणी निरीक्षक खटला भरेल असं मला वाटत नाही. पण घाबरून तो जीपेचा व्यवहार किंवा चॅट पुसू मात्र नका. ‘मटारच्या दाण्याएवढीच’ हा तुमचा मेसेज या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. तेवढीच लावली असती तर वीस ग्रॅमची ट्यूब दोन महिन्यांच्या आसपास पुरली असती. तिची तीन आठवड्यांत संपली, हे तिच्याच हिशेबातून निघतं. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते मूळ फोन हाताशी असला की सोपं जातं.

नोकरीचं. समजा गुन्हा दाखल झालाच. तेवढ्यानं दार बंद होत नाही. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये सांगितलं की किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणाकडे नेमणूक करणाऱ्यानं तारतम्यानं बघावं. उमेदवार खरा अडकतो तो साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नेमणुकीच्या वेळी स्वतःबद्दल भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, माहिती दडवल्यामुळे. गुन्हा असेल आणि रकाना विचारत असेल, तर लिहा. ‘कोणाला कळणार आहे’ म्हणणाऱ्या क्लासमधल्या दादांचं या बाबतीत ऐकू नका. चारित्र्य पडताळणीत कळतंच.

भावावर उलटी खंडणीची तक्रार करावी का, असं तुमच्या मनात येईल. खोट्या आरोपाची भीती घालून पैसे मागणं न्याय संहितेच्या कलम 308 मध्ये बसू शकतं, पण भरपाई मागणं हा गुन्हा नाही आणि दोन्हींमधली रेघ पुसट आहे. आत्ता ते दार उघडू नका. धमक्यांचे मेसेज मात्र जपून ठेवा. कॉल आला तर ‘लिहून पाठवा’ म्हणा.

मैत्रिणीला भेटा, भावाला नव्हे. वाईट वाटतं हे तोंडानं सांगायला हरकत नाही. तिला चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या, दोन्ही ट्यूब घेऊन. स्टिरॉइड असेल तर ते एकदम बंद केल्यावर चेहरा आणखी भडकू शकतो, म्हणून हे लांबवू नका. तपासणीची फी तुम्ही दिलीत तर माझी ना नाही, मदत म्हणून द्या आणि मेसेजमध्ये तसंच लिहा. डॉक्टरांचा कागद तिला बरं करायला लागेल, आणि खरं कारणही त्यातूनच कळेल.

आणि आज रात्री घरी सांगा. आई ओरडेल. ओरडू दे. रविवारी तुमच्या बाजूनं खुर्चीत कोणीतरी मोठं माणूस बसलेलं हवं. भावाला त्याआधी हा मेसेज पाठवा :

‘दादा, तिच्या त्रासाचं मलाही वाईट वाटतं. तिनं दुकानातून घेतलेल्या दुसऱ्या क्रीमचा फोटो आणि डॉक्टरांचा रिपोर्ट मला पाठवा. तो बघितल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही. रविवारी माझे वडील तुमच्याशी बोलतील.’

एवढंच पाठवा. दोन निळ्या खुणा दिसल्या की स्क्रीनशॉट काढून ठेवा.