ओट्याच्या पायऱ्या

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. ओट्याला नऊ-नऊ इंचांच्या दोन चढत्या पायऱ्या आहेत. त्या काढून उतार करावा का? – एक वाचक, लातूर

उत्तर : १८ इंच चढायला १:१२ प्रमाणे, म्हणजे इंचभर उंचीला फूटभर लांबी धरून, १८ फूट उतार लागेल. एवढं अंगण असेल तरच करा. आखूड उतार पायऱ्यांहून घातक. नाहीतर सहा-सहा इंचांचे तीन चढ घ्या, पाय ठेवायला १२ इंच जागा. उंची सगळीकडे सारखीच हवी, अर्ध्या इंचाच्या फरकानेही ठेच लागते. काळ्या मातीवर थेट बांधकाम नको: पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पायरी ओट्यापासून सुटते. माती काढून मुरूम ठोकून भरा. शहाबादी फरशी बिनपॉलिशचीच. कठड्याला सव्वा इंची पाइप, ३४ ते ३६ इंचांवर, शेवटच्या पायरीपुढे फूटभर काढलेला.