बरोचं रेटिंग लाखावर कसं गेलं?

प्रश्न : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकचं (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचं) पासर रेटिंग, म्हणजे पास फेकण्याच्या कामगिरीचा आकडा, मी एक्सेलमध्ये काढतो. जो बरो या क्वार्टरबॅकचं २०१९चं रेटिंग २०२ यायला हवं, माझ्याकडे १,०७,६३४ येतंय! शिवाय बेली झॅपी या दुसऱ्या क्वार्टरबॅकचे यार्ड (पासवर मिळवलेलं अंतर) जास्त, तरी रेटिंग कमी, हे कसं?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : तुमचा कंस राहिलाय. यार्ड गुणिले ८.४, टचडाउन (पासवर झालेले गोल) गुणिले ३३० आणि पूर्ण पास गुणिले १०० यांची बेरीज करायची, त्यातून इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) गुणिले २०० वजा करायचे आणि या *सगळ्याला* एकूण प्रयत्नांनी भागायचं. कंस नसला की एक्सेल फक्त शेवटच्या इंटरसेप्शनच्या पदाला भागतं. बरोचे आकडे : ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, ५२७ पैकी ४०२ पास पूर्ण, ६ इंटरसेप्शन. वरची रक्कम १,०६,४३६.४, भागिले ५२७ म्हणजे २०१.९७.

झॅपीने २०२१मध्ये वेस्टर्न केंटकी विद्यापीठाकडून ५,९६७ यार्ड आणि ६२ टचडाउनचे विक्रम केले खरे, पण त्यासाठी ६८६ पास फेकले. दर प्रयत्नाला ८.७ यार्ड, बरोचे १०.७६. म्हणून तो १६८.९वर राहतो. नुसते यार्ड बघणं म्हणजे चेंडू न मोजता धावा मोजणं.

एनएफएलचं (व्यावसायिक लीगचं) सूत्र इथे लावू नका, ते १५८.३ला थांबतं. सॅकमध्ये (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं जातं तेव्हा) गेलेले यार्ड कॉलेजमध्ये धावण्याच्या खात्यातून वजा होतात, पासिंगच्या नाही. जुन्या खेळाडूंशी तुलना करताय? मग बोल सामन्यांचे (मोसमाअखेरच्या खास सामन्यांचे) आकडे एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना २००२पासूनच मोसमात धरते, तेवढं बघा.