न जन्मलेल्यांच्या वकालतनाम्यावर सही कुणाची?

तुमचा प्रश्न असा: पुढच्या पिढ्यांचे हक्क वाचवायला हवामानशास्त्राचा कोर्टात खरंच काही उपयोग होतो, की नुसत्या परिषदांमधल्या गप्पा?

होतो. खरं लोकांना वाटतं तिथं होत नाही.

मी बेळगावच्या कोर्टात वकिलांकडं वीस-बावीस वर्षं कारकुनी केली, त्यातली निम्म्याहून जास्त वाटणीच्या दाव्यांत गेली. त्यामुळं मला हे प्रकरणही वाटणीसारखंच दिसतं. वडिलोपार्जित जमिनीत पोटातल्या बाळाचाही हिस्सा धरतात. घरच्या कर्त्याला मनाला येईल तशी जमीन फुंकता येत नाही, घराची खरी गरज दाखवावी लागते. पण जे अजून कुणाच्या पोटातही नाही, त्याच्या वकालतनाम्यावर सही कुणाची घेणार?

फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९३ साली ही अडचण सरळ ओलांडली. जंगलतोडीचे परवाने रद्द करा म्हणून काही मुलांनी स्वतःच्या आणि न जन्मलेल्या पिढ्यांच्या वतीनं दावा लावला होता. तसा दावा लावायचा अधिकार मुलांना आहे, असं कोर्टानं मान्य केलं. जर्मनीच्या घटना न्यायालयानं २०२१ मध्ये तेवढं धाडस केलं नाही. न जन्मलेल्यांना अजून मूलभूत हक्क नाहीत, असंच ते म्हणालं. मात्र आज हयात असलेल्या पोरांच्या २०३० नंतरच्या स्वातंत्र्यावर सरकारचा हवामान कायदा आजच बोजा चढवतोय, हे त्यानं धरलं. उताऱ्यावर बोजा चढवतात ना, अगदी तस्सं.

आणि हा बोजा दाखवायला शास्त्र कामाला आलं. पृथ्वी किती तापणार हे आजवर एकूण किती कार्बन डायऑक्साइड सोडला त्याच्या जवळजवळ प्रमाणात ठरतं. दर हजार अब्ज टनांमागं साधारण ०.४५ अंश. म्हणजे किती अंशांवर थांबायचं ते ठरलं, की अजून किती धूर सोडता येईल याची शिल्लक निघते, आणि शिल्लक निघाली की वाटणी आलीच. जर्मन सरकारच्या तज्ज्ञ सल्लागार मंडळानं देशाच्या वाट्याला २०२० पासून ६.७ अब्ज टन काढले होते. सरकारच्या त्या कायद्याप्रमाणं चाललं असतं तर २०३० नंतर त्यातलं एक अब्ज टनही उरत नव्हतं. आकड्यात अनिश्चितता आहे, हे कोर्टानं मान्य केलं, पण तेवढ्यावरून आकडा बाजूला सारू दिला नाही. २०३० नंतर धूर किती घटवायचा ते नीट न ठरवल्याबद्दल कायद्याचा तेवढा भाग घटनेविरुद्ध ठरला. पुराचे शंभर फोटो लावण्यापेक्षा हा एक हिशेब भारी, असं माझं मत.

फोटोंवरून आठवलं. आमचं थोडं शेत वडगाव शिवारात, बळ्ळारी नाल्याकाठी. २०१९ च्या ऑगस्टात बासमती चार-पाच दिवस पाण्याखाली राहून कुजला. भरपाईच्या अर्जात 'हवामानबदलामुळे' असं घाल, म्हणून पुतण्या मागं लागला होता. मी घालू दिलं नाही. नाल्यात गाळ, कडेला बांधकामं. समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे पक्कं आहे. पण तिथून माझ्या बांधापर्यंत यायला मधली साखळी लागते. एखादी घटना तापमानवाढीमुळं कितीपट संभाव्य झाली, हे शास्त्रज्ञ आता काढून देतात. उष्णतेच्या लाटेचं ते बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतं. छोट्या शिवारातल्या एका पावसाचं अवघड, आणि त्याला जुन्या नोंदी हव्यात.

आपल्याकडं २०१७ मध्ये उत्तराखंडची नऊ वर्षांची रिधिमा पांडे हवामानबदलाची तक्रार घेऊन हरित लवादाकडं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टाकडं, गेली होती. २०१९ मध्ये अर्ज निकाली निघाला, आहेत ते कायदे पुरेसे आहेत म्हणून. मग मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा कलम १४ आणि २१ खालचा हक्क मानला. गंमत म्हणजे तो खटला माळढोक पक्ष्याचा होता, आणि पक्षी धडकू नयेत म्हणून विजेच्या तारा जमिनीखाली घालायचा आधीचा सरसकट आदेश त्याच निकालात सैल झाला. सौरऊर्जा अडू नये म्हणून. हक्क मिळाला, पण त्याचा पहिला फटका माळढोकाला.

'कोर्टात पिढ्या जातात' असं कुणीतरी खाली लिहीलच. आमच्या सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तेव्हा ते आम्हाला नवं नाही. फरक एवढाच, की इथं नुसती तारीख पडली तरी शिल्लक कमी होत राहते.

पुतण्याला सध्या एकच काम दिलंय: आपल्या होबळीच्या (महसूल मंडळाच्या) पावसाचे जितके जुने मिळतील तितके आकडे काढून आण. म्हणाला, "काका, सगळं कन्नडात असणार." म्हटलं, असू दे, आकडे तर वाचता येतात.