मागच्या स्टेचा भार कशावर सोपवायचा?

प्रश्न : ताई, माझी २५ फुटी जुनी शिडाची बोट बेलापूरला पनवेल खाडीत असते. पुढचा स्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी तार, काठीच्या टोकापासून बराच खाली बांधलेला आहे. मागचा स्टे एकच, ५ मिमी तारेचा. त्याच्या तळाशी ताण कमीजास्त करायला चाकाने फिरवायचा अ‍ॅडजस्टर. पावसाळ्यानंतर तो अर्ध्यावर अडकला तो अडकलाच. रबाळ्याचा एक लेथवाला हुबेहूब तसाच करून देतो म्हणतो, मित्र पंपाने तेलाच्या दाबावर ओढणारा हायड्रॉलिक घे म्हणतो. काय करू?
— एक वाचक, सीवूड्स

उत्तर : हायड्रॉलिक नको. पंपाच्या दांड्यावर भार हाताला नीट जाणवत नाही. दोन झटके जास्त पडले तर एवढ्याशा बोटीची दोन्ही टोके वर ओढली जातात. मोठ्या, जड बोटीला ते शोभते.

लेथच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण हे काम त्याला देऊ नका. स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे भाराखाली फिरले की एकमेकांना धरून बसतात. तुमचेही बहुधा तेच झाले आहे. म्हणून चांगल्या अ‍ॅडजस्टरचे धड किंवा नट ब्राँझचे असते. शिवाय बाजारातून आणलेला गज खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचा की स्वस्त २०२ चा, हे लेथवाल्यालाही सांगता येत नाही. चुंबक लावून ठरवू नका; २०२ ला चुंबक लागत नाही, आणि ओढून बारीक केलेल्या ३१६ ला थोडे लागते.

मी तुमच्या जागी असते तर कप्प्यांचा अ‍ॅडजस्टर बसवला असता. दुपारी खारा वारा चढला की स्टे ओढायचा : डोलकाठी वाकते, मोठे शीड सपाट होते, पुढचा स्टे ताठ होतो. वारा पाठीवर आला की सोडायचा. हे दिवसातून वीसदा करावे लागते, आणि दोरी हातात असली तरच माणूस ते करतो. चाक फिरवायला मागे वाकून जायचा कंटाळा येतो.

दोन पदर, पुन्हा दोन पदर आणि खाली चार पदर अशी साखळी केली की १६ पट जोर मिळतो. ३० किलोने ओढलेत तर हिशेबाने ४८०. घर्षणात बरेच जाते, तरी तुम्हाला पुरेल. वरच्या पहिल्या कप्पीवर सगळा भार येतो, दुसरीवर निम्मा, खालच्या चौपदरी संचावर पाव. म्हणजे महागडी कप्पी फक्त वर लागते. मात्र स्टे १५ सेंटिमीटर हलवायचा असेल तर खालच्या संचाला ६० सेंटिमीटर मोकळी धाव हवी. हे न मोजता सामान आणणारे खूप पाहिले. कप्प्या एकमेकींना भिडतात आणि स्टे ढिलाच राहतो. तेव्हा आधी मोजा : जुना अ‍ॅडजस्टर पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत किती, त्याचे किती आटे बाहेर आहेत, पिनची जाडी किती. व्हर्नियरने, टेपने नाही. या मांडणीला उंची जास्त लागते, म्हणून तार खालून आखूड करावी लागेल. तिच्या टोकाच्या दाबलेल्या फिटिंगवर भिंग धरून बघा. केसाएवढी चीर किंवा गंजाची तपकिरी रेघ दिसली तर तार नवीच घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. चाकाच्या अ‍ॅडजस्टरला तुटायला दोरीच नसते, कप्प्यांची दोरी तुटते, आणि एकच स्टे असल्यावर त्या दोरीवर सगळी डोलकाठी असते. मांडव्याहून परतताना आम्ही खाडीत शिरलो, वारा पाठीवर आला आणि दोरी कप्पीतच तुटली. डोलकाठीचे टोक पुढे गेलेले मी खालून पाहिले. बोट लगेच वाऱ्याकडे फिरवली, मोठ्या शिडाची शीट, म्हणजे ते आत ओढायची दोरी, ताणली, त्या शिडानेच काठी मागून धरली. त्या बोटीला सुरक्षेचा पट्टा नव्हता. तुम्ही तो लावाच : स्टेच्या टोकापासून खालच्या चेनप्लेटपर्यंत (बोटीला पक्की बसवलेली धातूची पट्टी) जाड डायनिमाचा, म्हणजे न ताणणाऱ्या मजबूत दोरीचा, तुकडा, कप्प्यांपासून स्वतंत्र. स्टे पूर्ण सोडल्यावर टोक आणि चेनप्लेट यांत जेवढे अंतर राहील तेवढीच त्याची लांबी. ओढल्यावर तो लोंबतो, दोरी तुटली तर काठी तो धरतो.

माझे वडील बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे. होडीवर एकाच दोरीच्या भरवशावर ते कधी राहिले नाहीत. मी ते त्यांच्याकडून घेतले.

अडकलेला अ‍ॅडजस्टर काढायला वारा सुटण्याआधी, सकाळी, जेट्टीला लागूनच बसा. मेन हॅलयार्ड (मोठे शीड वर चढवायची दोरी) मागच्या चेनप्लेटला बांधून विंचने ताणा, मगच पिनला हात लावा. आणि नव्या दोरीवर सुईदोऱ्याने दोन खुणा करा, हलक्या वाऱ्याची एक आणि जोराच्या वाऱ्याची एक. बोट सोडून घरी निघताना स्टे पहिल्या खुणेच्याही मागे सोडून ठेवा.